बंद दाराची शिकवणी

१

दसऱ्यानंतर ट्रक येतात आणि वस्ती उचलून नेतात. पातेली, गोधड्या, ताडपत्री, कोंबड्यांची पाटी, रांगती पोरं, सगळं ट्रकवर चढतं आणि दारांना कुलपं लागतात. वडवणीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या वस्तीत मग उरतात म्हातारी माणसं, त्यांच्या शेळ्या आणि कुत्री. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं परत येईपर्यंत दुपारी इतकी शांतता असते, की उन्हानं पत्रा ताणल्याचा आवाजसुद्धा ऐकू यावा.

यंदा म्हाताऱ्यांच्या जोडीला दीपमाला राहिली होती. तिची बारावी होती, सायन्स. फिजिक्स निघेल, केमिस्ट्री निघेल, बायोलॉजी तर तोंडपाठच; पण सराव परीक्षेत गणितानं तिला साफ लोळवलं होतं.

"हे बघ दीपे," कारखान्याच्या फडातून शहादेवचा, तिच्या बापाचा, फोन आला होता. "बोर्डाला गणित निघालं तर बीडला कॉलेज. शब्द हाय माजा. न्हाई निघालं तर रामेश्वरच्या घरच्यांना हो म्हनून टाकायचं. तुज्या मायला आता वाकून तोडायला जमंना."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. रामेश्वर अर्धा होता आणि त्याच्या घरचे उरलेला अर्धा शोधत होते. पोरगा वाईट नव्हता. पण दीपमाला रात्री अंथरुणात पडली की स्वतःला त्या अपूर्णांकात बघायची.

तशी ती भित्रीच. पाल चुकचुकली तरी दचकायची, सायकलचं टायर फुटलं तर कानांवर हात ठेवून खाली बसायची. पण भीती वेगळी आणि डोकं वेगळं. डोक्यावर तिचा विश्वास होता. "मी दचकते, पण पळत नाही," असं ती मैत्रिणींना ठणकावून सांगायची.

कॉलेजला अभ्यासाची सुट्टी लागली तेव्हा गणिताच्या त्रिंबक सरांनी निरोपाचा मंत्र दिला होता. "वाचून गणित येत नसतं. शिकवून येतं. आईला शिकवा, भावाला शिकवा, कुणीच नसलं तर बकरीला शिकवा. पायरी झाली की विचारायचं, समजलं का? आणि थांबायचं. थांबल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्या थांबण्यातच तुम्हाला कळतं, आपल्याला काय येत नाही."

दीपमालानं आधी आप्पाला, म्हणजे आजोबाला, बसवलं. आप्पाला कमी ऐकू यायचं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "म्हंजी शेळी ईकायची का न्हाई?" मग तिनं खरंच शेळीला शिकवून पाहिलं. शेळीनं आलेखाच्या कागदाचा कोपरा खाल्ला.

शेवटी तिला समोरचं दार सापडलं. विमलबाईचं. विमलबाई, तिचा नवरा आणि पोरगी मोहिनी, सगळे टोळीबरोबर गेलेले. दार पत्र्याचं, निळ्या रंगाचं, गुळगुळीत. त्यावर खडू झकास उमटायचा. दुपारी ओट्यावर सावली असायची. दीपमाला जेवण उरकायची, आप्पा शेळ्या घेऊन माळाला गेला की खडूचा डबा घ्यायची आणि दारासमोर उभी राहायची.

"तर," ती दाराला म्हणायची, "काल आपण कुठं होतो?"

पायरी झाली की विचारायची, समजलं का? थांबायची. दार गप्प. मग पुढची पायरी.

२

आठवडाभर असं चाललं. बरं चाललं. मग एका दुपारी ती डेरिव्हेटिव्हची व्याख्या समजावत होती. पुस्तक इंग्रजीत, त्यामुळं तिला एकेक ओळ आधी आपल्या भाषेत ओढून आणावी लागायची, विहिरीतून पोहरा ओढावा तशी.

"म्हणजे काय, की ह्या वक्राला इथं नेमका किती चढ आहे, ते काढायचं. समजलं का?"

ती थांबली.

"न्हाई."

खडू तिच्या हातातून पडला. ओट्यावर दोन तुकडे झाले आणि एक घरंगळत पायरीखाली गेला.

तिनं आधी मागं पाहिलं. अंगण मोकळं. कुत्रं झोपलेलं. आप्पा लांब माळावर, पांढऱ्या टोपीचा ठिपका. मग तिनं कुलूप पाहिलं. कुलूप होतं तसंच होतं, कडीवर कोळ्यानं जाळं विणलेलं आणि जाळ्यावर धूळ बसलेली. ती घराला वळसा घालून आली. मागं भिंत सलग, वर छपराला टेकून एक झरोका, त्यातून मांजर जेमतेम जाईल.

"मांजरच," ती मोठ्यानं म्हणाली. मग स्वतःशीच, थोडं हळू, "मांजर न्हाई म्हणत नसतं."

डोकं कामाला लागलं. पत्र्याला प्रतिध्वनी असतो. उत्तराची वाट बघत उभं राहिलं की कान स्वतःच उत्तर बनवतात. शिवाय सकाळपासून तिनं नीट पाणी प्यायलं नव्हतं. ती घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच घरात, भिंतीकडं तोंड करून बसली.

एकही गणित सुटलं नाही. भिंतीला समजलं का विचारलं की भिंतीचं उत्तर नेहमी होच वाटायचं. आणि होकारात काही कळत नव्हतं. रामेश्वर, फड, कोयत्याची मूठ, हेच डोळ्यांपुढं यायला लागलं.

तिसऱ्या दुपारी ती खडू घेऊन परत विमलबाईच्या ओट्यावर गेली. आवाज तिनं सरांसारखा लावला.

"परवाचं पुन्हा सांगते. नीट लक्ष द्या. समजा, तू घाट चढतीयस. घाट सगळीकडं सारखा नसतो. कुठं दमवतो, कुठं नाही. तर ह्या एका दगडापाशी घाट किती उभा आहे, ते कसं सांगशील? दगडाच्या जरा पुढं जायचं, किती वर आलो ते बघायचं. मग आणखी जवळचा ठिपका घ्यायचा. आणखी जवळचा. आता समजलं का?"

दारामागं, खूप आत, मागच्या खोलीत असावं असं, कुणीतरी विचार केल्यासारखं थांबलं.

"हं," आवाज आला. पोरीचा.

३

पुढचे दिवस आठवले की दीपमालाला आजही थोडी लाज वाटते, कारण ते तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते.

आतल्या आवाजाला 'का' विचारणारा एकच शब्द फार आवडायचा. कावून. वजाचं चिन्ह बाहेर कावून आलं? इथं एक्सच कावून धरला, सगळं कावून न्हाई धरलं? सरांनी पाठ करा म्हणून सांगितलेल्या सूत्रांवर तो हटून बसायचा. पाठ केलेलं त्याला चालतच नव्हतं. मग दीपमाला घरी येऊन जुनी अकरावीची पुस्तकं काढायची, पार मुळापर्यंत जायची, आणि दुसऱ्या दुपारी ऐटीत सांगायची, "हं, काल विचारलं होतंस ना, ऐक आता."

पोरगी हट्टी होती, पण हुशार. एकदा कळलं की विसरायची नाही. कधी कधी दीपमाला रागवायचीसुद्धा. "मधेच बोलू नकोस. आधी पूर्ण ऐकायचं." की आत चिडीचूप.

हे काय आहे, याचं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. माणूस एकटा राहिला की स्वतःशी बोलतो. तिचंच मन दोन ठिकाणी बसलं होतं, अर्धं ओट्यावर, अर्धं दारामागं. आत जे आहे त्याला तेवढंच येतं, जेवढं तिनं शिकवलं. म्हणजे ते तिचंच. झालं. सिद्ध. या सिद्धतेवर ती इतकी खूष होती, की आप्पालासुद्धा एकदा सांगितलं.

"आप्पा, मला ना, स्वतःचाच आवाज ऐकू येतोय."

"बरं हाय की," आप्पा ओरडला. "मला तर कुनाचाच येत न्हाई."

शंका विचारायला वडवणीला गेली तेव्हा त्रिंबक सरांनी सहज एक गणित फळ्यावर टाकलं. वर्गातली पोरं खाली बघायला लागली. दीपमाला उठली, फळ्याजवळ गेली, आणि नुसतं सोडवलं नाही, तर पायरीपायरीला कावून ते सांगत गेली. एकदा तर वर्गाकडं वळून विचारलंही, समजलं का? आणि थांबली. कुणी हसलं नाही.

"आयला," मागच्या बाकावरचा सोमनाथ शेजाऱ्याला म्हणाला, "ही तर सरावाला माझ्याबरोबर नापास झालती बे."

"क्लास कुठला लावलास गं?" सरांनी विचारलं.

"घरीच, सर."

"कुणाला शिकवतेस?"

"आहे एक पोरगी," ती म्हणाली. तोंडातून असंच निघालं.

"तिला माझ्याकडं पाठव," सर हसले. "तिचा सत्कार करू."

जीपमध्ये परत येताना तिला सारखं वाटत राहिलं, की आपण सरांना खोटं सांगितलेलं नाही.

४

लिमिट तिनं उशिरा घेतलं. खरं तर तेच आधी घ्यायला हवं होतं.

"वर एक्सचा वर्ग वजा चार, खाली एक्स वजा दोन," तिनं दारावर लिहिलं. "आता एक्सला दोनकडं न्यायचं. जवळ जायचं, लई जवळ. पण दोनवर पाय ठेवायचा नाही."

"कावून?"

"तिथं खाली शून्य येतं. शून्यानं भागता येत नाही."

"मंग तितं काय हाय?"

"काही नाही. वक्र सगळा नीट जातो आणि नेमकं तिथं एक भोक आहे. ठिपक्याएवढं."

पत्रा कटकन वाजला, उन्हानं.

"रिकामंच हाय ते?"

"रिकामंच."

"मंग तितं मी बसते."

दीपमालाला हसू आलं. नंतर तिला आठवायचं, की त्या क्षणी ती खरोखर हसली होती, शिक्षिका हसते तशी, पोरीनं नकळत बरोबर उत्तर दिल्यावर. "बसता येतं," ती म्हणाली. "त्या जागी चार ठेवला की भोक बुजतं. मग वक्र सलग होतो. हात न उचलता इकडून तिकडं काढता येतो. कंटिन्युअस म्हणतात त्याला. समजलं का?"

"समजलं."

आवाज मागच्या खोलीतून आला नाही. मधल्या घरातून आला.

त्यानंतर तो रोज जरा अलीकडं येत गेला. फार नाही. लक्ष ठेवून ऐकणाऱ्यालाच कळावं इतकं. चुलीच्या बाजूनं, मग मेढीच्या खांबापाशी. दीपमाला सूत्र लिहिता लिहिता अंदाज करायची आणि खडू कमी दाबायची. दारावर आपण लिहितो ते आतून दिसत नाही, हे तिच्या एका दुपारी लक्षात आलं. तरीही आतली पोरगी "वरून तिसऱ्या ओळीला" असं म्हणायची.

तिनं डोक्याला विचारलं. डोकं म्हणालं, तुला माहितीय म्हणून तिला माहितीय. ती तूच आहेस.

बरं, दीपमाला म्हणाली. पण ती दाराच्या अगदी जवळ उभी राहायची बंद झाली.

५

पेपर तोंडावर आला. हॉल तिकीट आलं. शहादेवचा फोन आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "कसं हाय गं गणित?"

"निघतंय, पप्पा," ती ठामपणे म्हणाली.

"रामेश्वरचा बाप आलता काल आपल्या खोपटावर," तो मग म्हणाला. "त्याला म्हनलं, थांब जरा."

एकच गणित तिला येत नव्हतं. सरावात तिथंच ती आडवी झाली होती. शून्यापासून पाय बाय टूपर्यंत, लॉग टॅन एक्सचं इंटिग्रेशन. सरांनी ते एकदा घाईत करून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, हे येणारच. तिनं ते दारावर लिहिलं. पहिली पायरी टाकली, पुसली. दुसरी टाकली, पुसली. उन्हं ओट्यावर चढत आली.

"हे आज राहू दे," ती कंटाळून म्हणाली. "मलाच येत नाही."

"उलटीकडून ये की."

आवाज दाराला लागून होता. तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून, बसलेल्या माणसाचा.

"काय?"

"ह्या टोकाकडून मोजत गेलं काय अन् त्या टोकाकडून मोजत आलं काय, बेरीज येकच. तू तिकडून ये, मी हिकडून येते. तुजा टॅन हाय, तर माजा कॉट व्हतो. दोन्ही मिळव. टॅन गुणिले कॉट येक. येकाचा लॉग शून्य." पोरगी थांबली, दीपमाला थांबायची तेवढंच. "दोघी मिळून कायच उरत न्हाई. समजलं का?"

समजलं होतं. लख्ख समजलं होतं. इतकं सोपं, इतकं देखणं गणित, की दीपमालाच्या अंगावर आनंदाचा काटा आला. तिनं भराभर लिहिलं, शेवटी शून्य काढलं, त्याच्याभोवती चौकट केली.

आणि काटा तसाच राहिला. आनंद निघून गेला.

हे तिनं शिकवलं नव्हतं. हे तिला येतच नव्हतं. आतली पोरगी ती स्वतः असेल, तर हे आत कुठून आलं?

सिद्धता मोडली. एका उदाहरणानं मोडली, गणितात मोडते तशी.

दाराच्या बिजागरीकडं, चौकटीला लागून, बोट जाईल न जाईल अशी फट होती. दीपमाला दचकायची, पण पळायची नाही. तिनं खडू खाली ठेवला. कपाळ पत्र्याला टेकवून फटीला डोळा लावला. पत्रा तापला असायला हवा होता. तो गार होता.

आधी नुसता अंधार. मग छपरातल्या छिद्रातून पडलेला उन्हाचा एक कवडसा, जमिनीवर. कवडशाच्या कडेला कुणीतरी मांडी घालून बसलेलं होतं. पाठ दाराकडं. तेल लावून घट्ट घातलेली एक वेणी, शाळेतल्या पोरींची असते तशी. ती आतल्या खोलीच्या काळ्या दरवाज्याकडं तोंड करून बोलत होती, हळू, हात हलवत.

"समजा, तू घाट चढतीयस," ती म्हणत होती. "घाट समदीकडं सारका नसतोय."

ती थांबली. मान जराशी कलती करून वाट बघू लागली.

आतल्या काळोखातून उत्तर आलं. एकाचं नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेवरून जाताना वर्गाचा गलका येतो ना, खालच्या सुरात, लांबट, तसं.

"न्हाई."

दीपमालानं डोळा काढला नाही, कारण तिला हलताच येईना. आणि मग तिच्या अगदी कानाशी, पत्र्याच्या पलीकडून, जिथं कुणीच बसलेलं दिसत नव्हतं तिथून, तो ओळखीचा आवाज लाडानं म्हणाला,

"बाई, आमचा पेपर कवा हाय?"

मग तोच आवाज पुढं म्हणाला,

"आमी तयार हाव. पेपरला आमी येऊ का तुमच्यासंगं?"

कोळ्याचं जाळं कडीवर हललं. वारा नव्हता. कुलूप अगदी थोडं, आतून दार ओढून पाहावं तसं, कडीला खटकलं.

दीपमालाच्या डोक्यात त्या वेळी काय काय होतं, ते सांगायला ती नंतर कधी बसली नाही. पण वर तरंगत होतं ते एवढंच: हॉल तिकीट, बीडचं कॉलेज, आणि रामेश्वरच्या बापाला थांबवून धरलेला आपला बाप. ती सरळ उभी राहिली. ओढणी नीट केली. हे तिच्याकडून शिकलेत, म्हणजे तिचं ऐकतील, एवढंच तिला उमगलं.

"आधी उत्तर सांगा," ती म्हणाली. आवाज सरांचा, खणखणीत. "लॉग टॅनचं. काय आलं?"

"शून्य," सगळ्यांनी मिळून सांगितलं.

दारावर, चौकटीत, तिच्याच अक्षरात ते शून्य होतं.

"चूक," दीपमाला म्हणाली.



"कावून?" ती पोरगी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज रडवेला होता. "बाई, कावून चूक?"

"पुन्हा करा. पहिल्यापासून. बरोबर आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही."

तिनं दार ओल्या फडक्यानं पुसलं, खालपासून वरपर्यंत, एक ओळ ठेवली नाही. खडूचा डबा उचलला आणि आपल्या घरात येऊन कडी लावली. आप्पा शेळ्या घेऊन आला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती, चूल न पेटवता.

६

पेपर सोपा नव्हता. सोमनाथ मधेच कपाळाला हात लावून बसला होता. दीपमाला लिहीत होती. प्रत्येक पायरीपाशी तिला आतून कावून ऐकू यायचं आणि ती त्याचं उत्तर देत पुढं जायची. पण ते नुसतं आठवणं होतं, भिंतीतून वगैरे काही नाही. तिनं दोनदा खात्री करून घेतली.

शेवटच्या पानावर लॉग टॅन होतंच.

तिनं उलटीकडून सुरुवात केली. टॅन, कॉट, गुणाकार एक, लॉग शून्य. पेन उत्तराशी येऊन थबकलं. चूक, असं आपण किती ठामपणे म्हणालो होतो. त्या आवाजावर भरवसा ठेवावा असाच तो होता. आत बसलेल्यांनी ठेवलाच असेल.

तिनं शून्य लिहिलं. भोवती चौकट केली.

त्यानंतर विमलबाईच्या ओट्यावर ती गेली नाही. अंगण झाडताना त्या बाजूचा झाडू लवकर आटोपायची. दुपारी कधी पत्र्याखालून बारीक कुजबुज यायची, एका लयीत, पाढे म्हणतात तशी. आप्पाला ऐकू येत नव्हतं. दीपमालाही मोबाइलवर गाणी लावायची.

पाडव्याआधी ट्रक आले. वस्ती परत खाली उतरली. विमलबाईनं कुलूप काढलं, कडी वाजली, आणि दीपमाला चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

"अगं बया!" विमलबाई आतून ओरडली.

दीपमालाचा हात चौकटीवर आवळला.

विमलबाई बाहेर आली ती हसत. "दीपे, घर झाडून सारवून ठेवलंस व्हय गं? एवढा हंगाम गेला, पर भुईला धुळीचा कन न्हाई. हात फिरावला तर गुळगुळीत. किल्ली कुठून घावली तुला?"

"मी नाही," दीपमाला म्हणाली.

"चल, लाजतीस काय!" विमलबाई म्हणाली आणि भांडी उतरवायला लागली.

७

निकाल लागला. गणितात तिचे मार्क कॉलेजात सगळ्यांत जास्त होते. त्रिंबक सरांनी पेढा भरवला आणि पुन्हा त्या पोरीबद्दल विचारलं. दीपमालानं विषय बदलला. शहादेवनं रामेश्वरच्या बापाला फोन लावला, बाहेर अंगणात जाऊन, हळू आवाजात, आणि आत येऊन म्हणाला, "झालं. आता बीडची तयारी कर." मायनं तोंडाला पदर लावला. कमरेवर हात ठेवून ती बराच वेळ नुसती बघत राहिली पोरीकडं.

निघायची वेळ सकाळची होती, लख्ख उन्हाची. जीप वस्तीच्या तोंडाशी येऊन हॉर्न देत होती. शहादेवनं पेटी खांद्यावर घेतली. दीपमाला सगळ्यांच्या पाया पडत विमलबाईच्या अंगणात आली.

"पोरीला बघ की माज्या," विमलबाई कौतुकानं म्हणाली. "हंगामात शाळा बुडाली म्हनून रडायची. आता आल्यापासून नुसता अभ्यास. तुजंच याड लागलंय तिला."

मोहिनी उंबऱ्यावर बसली होती. मांडी घालून, पाठ अंगणाकडं, तोंड घराच्या आत. तेलकट वेणी पाठीवर सरळ पडलेली. सहावीतली पोर. समोर वही नव्हती, पाटी नव्हती. बोटानं ती भुईवर काहीतरी काढत होती.

"मोहिने, ताई चालली बघ बीडला," विमलबाई म्हणाली.

पोरगी वळली नाही.

"बाई," ती म्हणाली. ताई नाही म्हणाली. "लई येळा केलं. हिकडून केलं, उलटीकडून केलं. शून्यच येतंय. बरोबर हाय का?"

अंगणात कोंबडा ओरडला. विमलबाई हसत होती, तिला काहीच कळलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत मधलं घर होतं, त्याच्या आत मागची खोली, आणि तिथं दिवसाउजेडीही काही दिसत नव्हतं. काळोख श्वास रोखून बसला होता. सगळेच वाट बघत होते, एक शब्द ऐकायला.

बरोबर. एवढंच म्हणायचं होतं. तेच खरं होतं, आणि सहावीतल्या पोरीच्या मानेवर घामाची ओळ उतरलेली दीपमालाला दिसत होती.

पण बरोबर म्हटलं, की ते जागेवरून उठणार होते, तिच्यासंगं यायला.

हॉर्न वाजला.

"चूक," दीपमाला म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "पुन्हा कर."

मोहिनीनं मान डोलावली. मग आतल्या खोलीकडं बघत, अगदी दीपमालाच्या सुरात, समजावत म्हणाली, "चूक हाय म्हनं. समदे पुन्हा करा."

"कोनाला सांगतीस गं?" विमलबाई हसली.

दीपमाला जीपमध्ये बापाशेजारी बसली. जीप डांबरी सडकेला लागेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

"काय इचारत व्हती गं पोरगी?" शहादेवनं विचारलं.

"गणित."

"आलं का तिला?"

दीपमालानं खिडकीची काच वर घेतली. वस्ती, माळ, निळं दार, सगळं धुळीत मागं गेलं.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून लई कच्चं हाय तिचं."